बाईंची वही : नऊ महिने हुलकावणी देणारी हृदयाची लय

पार्श्वभूमी

बाई आमच्या तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. गावात त्यांना सगळे बाईच म्हणतात, मीही म्हणते, म्हणून इथेही तेच ठेवते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आल्या तेव्हा वय ६४. आठ वर्षांपासून रक्तदाब, त्यासाठी रोज अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. मधुमेह नाही. गुडघे दुखतात म्हणून अधूनमधून डायक्लोफेनॅक, तीही दुकानातून परस्पर आणलेली. दीड वर्षापूर्वी यजमान गेले. मुलगा-सून पुण्याला, बाई गावच्या घरात एकट्या.

जानेवारीत एका पहाटे त्यांना पहिल्यांदा धडधड झाली. दोनेक तास राहिली आणि आपोआप थांबली. फेब्रुवारीत पुन्हा. एप्रिलपासून महिन्यातून तीन-चार वेळा. ऑगस्टमध्ये त्या माझ्यासमोर बसल्या तोवर तीन ठिकाणी दाखवून झालं होतं.

अडचण कुठे होती

बाईंच्या तीन तक्रारी होत्या आणि तिन्ही वेगवेगळ्या दारांतून गेल्या होत्या. वारंवार लघवीला जावं लागतं, म्हणून लघवीची तपासणी झाली. जंतू वाढले नव्हते, तरी दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. धडधड होते, म्हणून ईसीजी काढला, तो नॉर्मल. झोप मोडते आणि जीव घाबरा होतो, म्हणून ‘यजमान गेल्याचा धक्का आहे’ असं सांगून चिंतेवरची गोळी सुरू झाली. साखर दोनदा तपासली, दोन्ही वेळा बरोबर.

मीही पहिल्या भेटीत वेगळं काही केलं नाही. ईसीजी काढला, नॉर्मल आला, चहा कमी करा म्हटलं आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली. तीही नॉर्मल आली. धडधडीचा झटका ओसरल्यावर काढलेला ईसीजी फक्त त्या दहा सेकंदांबद्दल बोलतो, पहाटे काय झालं ते त्याला ठाऊक नसतं. हे मला माहीत होतं. तरीही कागदावरचे सरळ, एकसारखे ठोके पाहून मी निश्चिंत झाले, आणि त्या घरी गेल्या.

दरम्यान बाईंनी स्वतःपुरता उपाय शोधला होता, तो म्हणजे पाणी कमी पिणं. कराडला बहिणीकडे एसटीने जायचं तर वाटेत सोय नाही, म्हणून तिकडे जाणं थांबवलं. भिशीला जाणंही सोडलं.

वही

सप्टेंबरमध्ये त्या परत आल्या त्या दोनशे पानी वही घेऊन. समास आखलेला, तारीख, वेळ, ‘सुरू’, ‘बंद’, आणि शेवटच्या रकान्यात लघवीला किती वेळा गेल्या ते. एक नोंद अशी होती : पहाटे ३.२० सुरू, ५.४५ बंद, लघवी ७ वेळा, ‘पाण्यासारखी पांढरी’. ज्या दिवशी धडधड नाही त्या दिवशी हा रकाना साधा, चार-पाच वेळा एवढाच. मी पानं उलटत गेले. लघवीचा त्रास एकट्याने आल्याची एकही नोंद नव्हती. दर वेळी आधी धडधड, मग साधारण अर्ध्या तासाने लघवी.

मी विचारलं, “बाई, हे आधी कुणाला दाखवलं होतं?”

“लघवीच्या डॉक्टरांना लघवीचं सांगितलं, हृदयाच्या डॉक्टरांना हृदयाचं. दोन्ही एकत्र कोण ऐकून घेतंय?”

वहीत आणखी एक गोष्ट होती. झटक्याच्या वेळी त्यांनी घरच्या मशीनवर रक्तदाब मोजला होता आणि पाच मिनिटांत तीन आकडे आले होते : १४८, ११६, १६२. आकड्यांशेजारी त्यांनी एक छोटंसं बदामाचं चित्र काढलं होतं. “हे चिन्ह मशीनवर चमकतं, सेल संपत आले असतील म्हणून बदलले, तरी येतंच.” ते सेलचं चिन्ह नव्हतं. ठोके अनियमित असल्याची ती सूचना होती. ठोके मागेपुढे पडत असले की असं मशीन एकसारखे आकडे देऊ शकत नाही. नऊपैकी सहा महिने ते मशीन निदानाची दिशा दाखवत होतं.

टेबलावरचा ठेका

मी त्यांना म्हटलं, “धडधड होते तेव्हा कशी होते ते या टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा.”

ही चाचणी फुकटची आहे आणि पहिल्या भेटीतच करण्याजोगी आहे. लेझमीच्या ठेक्यासारखी भरधाव पण एकसारखी टकटक असेल आणि ती बटण दाबल्यासारखी सुरू होऊन तशीच बंद होत असेल, तर एसव्हीटीचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक उठणाऱ्या जलद लयीचा, संशय घ्यायचा. त्यात ठोके मिनिटाला १५० ते २२० पर्यंत जातात. मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा, मग एक जोराचा धक्का, आणि पुन्हा सुरळीत, असं असेल तर ते बहुतेक वेळा सुटे आगंतुक ठोके असतात. भीतीने किंवा तापाने वाढलेले ठोके हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात. बाईंनी वाजवलं ते यातलं काहीच नव्हतं. पत्र्यावर पावसाचे टपोरे थेंब पडायला लागतात तसं : दोन जवळजवळ, एक लांब, तीन घाईत, पुन्हा थांबा. कुठल्याच ठेक्यात न बसणारं.

एट्रियल फिब्रिलेशनचं वर्णन याहून नेमकं करता येत नाही. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंद, एकत्र आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहतात. त्या थरथरीतून खालच्या दोन कप्प्यांकडे, म्हणजे निलयांकडे, संदेश पोचतात तेही वेळकाळ न पाळता. म्हणून नाडी अनियमित, आणि अनियमिततेतही काही क्रम नाही.

लघवीचं कोडं आणि हृदयाचं संप्रेरक

आता लघवी कुठून आली? इथे थोडं मागे जावं लागतं.

हृदय म्हणजे पंप, एवढंच आपण शाळेत शिकलो. पण १९५६ मध्ये ब्रूनो किश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अलिंदाच्या पेशींत दाट, गोल कण दिसले होते. असे कण संप्रेरक साठवणाऱ्या ग्रंथींत दिसतात. ते हृदयात काय करतात हे पुढची २५ वर्षं कळलं नाही. १९८१ मध्ये कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये अडोल्फो दे बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, आणि काही मिनिटांत त्यांच्या लघवीतून भरमसाठ पाणी आणि मीठ बाहेर पडलं. त्या अर्कातला पदार्थ म्हणजे एएनपी (एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड), २८ अमिनो आम्लांची छोटी साखळी. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना त्याचं भावंड सापडलं, तेही डुकराच्या मेंदूत, म्हणून त्याच्या नावात ‘ब्रेन’ आला आणि ते बीएनपी (ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड) झालं. माणसात मात्र ते मुख्यतः हृदयच बनवतं, विशेषतः निलयांवर ताण आला की.

काम दोघांचं एकाच दिशेचं. हृदयाची भिंत ताणली गेली की ही संप्रेरकं रक्तात सुटतात, मूत्रपिंडाला मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतात, रक्तवाहिन्या सैल करतात आणि मीठ धरून ठेवणाऱ्या रेनिन-अल्डोस्टेरॉनच्या साखळीला आवर घालतात. ओझं वाढलं तर ते कमी करायची हृदयाची ही स्वतःची सोय आहे. एकाएकी लय बिघडली आणि ठोके वाढले की अलिंदांतला दाब चढतो, भिंत ताणली जाते, एएनपी सुटतं. शिवाय त्याच ताणामुळे पाणी राखून ठेवणारं व्हॅसोप्रेसिन दबतं, म्हणून लघवी पाण्यासारखी फिकट होते. एएनपी रक्तात काही मिनिटांतच निम्मं होतं, त्यामुळे लय सुधारल्यावर हा ओघ फार वेळ टिकत नाही. बाईंच्या वहीतला शेवटचा रकाना हेच सांगत होता.

आणि हे निरीक्षण संप्रेरकाहूनही जुनं आहे. अशा झटक्यांत होणाऱ्या भरपूर लघवीवर लंडनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल वूड यांचा लेख, त्यांच्या मृत्यूनंतर, १९६३ मध्येच प्रसिद्ध झाला होता. कारण कळायला आणखी १८ वर्षं लागली, पण रुग्णाला विचारायचा प्रश्न तेव्हापासून उपलब्ध होता.

निर्णय पहिला : पकडायचं कसं

संशय कितीही पक्का असला तरी एट्रियल फिब्रिलेशनचं निदान कागदावरच व्हावं लागतं : बारा लीडचा (हृदयाकडे बारा दिशांनी पाहणारा) ईसीजी, किंवा निदान ३० सेकंदांची एका लीडची स्पष्ट पट्टी. संशयावर रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभरासाठी सुरू करता येत नाही.

समोर तीन वाटा होत्या. २४ तासांचा होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर राहून ईसीजी नोंदवणारं यंत्र, तो साताऱ्यात होत होता. दोन आठवडे अंगावर राहणारा मॉनिटर, त्यासाठी पुणे गाठावं लागणार होतं. किंवा झटका चालू असतानाच माझ्या दवाखान्यात ईसीजी. मी होल्टर निवडला, कारण तो सोपा होता. झटके आठवड्यातून एक, आणि यंत्र अंगावर फक्त एक दिवस. हिशेब तिथेच चुकला. होल्टर स्वच्छ आला. त्याने वाईट एवढंच केलं की मुलाने फोनवर विचारलं, “म्हणजे आईला काही नाही ना?” आणि ‘अजून सांगता येत नाही’ हे उत्तर त्याला टाळाटाळीसारखं वाटलं.

मग तिसरी वाट धरली. बाईंना मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायला शिकवलं. शेजारच्या रिक्षावाल्या दादांचा नंबर फोनमध्ये सगळ्यात वर टाकला. माझ्या सिस्टरांना सांगून ठेवलं की बाई कधीही आल्या तरी आधी ईसीजी, केसपेपर नंतर. आणि हेही ठरवलं की चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धाप लागली, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर माझ्याकडे न येता थेट मोठ्या रुग्णालयात जायचं.

मधला आकडा

हे सगळं ठरत असताना मुलाने काळजीपोटी पुण्यात आईची तपासणीची मोठी पॅकेजं करवली. त्यात एनटी-प्रोबीएनपी ८१२ पिकोग्रॅम प्रति मिली आलं आणि शेजारी लाल बाण. घोट्यांवर सूजही होती. एका ठिकाणी यावरून ‘हृदय कमजोर होतंय’ असं सांगण्यात आलं आणि फ्युरोसेमाइड ही लघवी वाढवणारी गोळी, ४० मिलिग्रॅम रोज, सुरू झाली. हृदयाचा इको तोवर झालेलाच नव्हता.

एनटी-प्रोबीएनपी म्हणजे बीएनपी तयार होताना सुटणारा त्याचा जोडतुकडा. बीएनपीहून तो रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून मोजायला सोयीचा. ही तपासणी उत्तम आहे, पण ती ‘नाही’ म्हणण्यात जास्त पटाईत आहे : दम लागून तातडीने आलेल्या माणसात आकडा ३०० च्या खाली, किंवा एरवी ओपीडीत १२५ च्या खाली असेल तर हृदय निकामी होत असल्याची शक्यता फार कमी. वरच्या बाजूला मात्र ती कारण सांगत नाही. वयाने आकडा वाढतो, मूत्रपिंड मंदावलं की वाढतो, लठ्ठपणात उलट कमी दिसतो. आणि एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदय चांगलं आकुंचन पावत असतानाही वाढतो. बाईंचं रक्त घेतलं ती सकाळ वहीत सापडली : आदल्या रात्री साडेअकरा ते पहाटे साडेपाच, सहा तासांचा झटका. म्हणजे तो आकडा रात्रभर ताणलेल्या हृदयाने सोडलेली चिठ्ठी होती.

घोट्यांवरच्या सुजेलाही सरळ कारण होतं. अम्लोडिपिनने अशी सूज येते, आणि लघवीच्या गोळीने ती नीट जातही नाही.

फ्युरोसेमाइडच्या दहाव्या दिवशी बाईंना पायात गोळे येऊ लागले. पोटॅशियम ३.१. पाणी आधीच कमी पीत होत्या. त्या पंधरवड्यात झटके चार झाले. पोटॅशियम घसरलं की हृदयाची लय आणखी बिथरते, त्यामुळे उपचाराने रोगाला खतपाणी मिळालं असं म्हणायला मी कचरत नाही. गोळी लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण संख्या आणि सूज एवढ्यावर निष्कर्ष निघाला, नाडीवर हात कुणी ठेवला नाही.

तो सकाळचा ईसीजी

ऑक्टोबरमध्ये एका पहाटे सव्वापाचला रिक्षा दारात आली. वहीत नोंद : ४.१० सुरू. सिस्टरांनी पाच मिनिटांत ईसीजी काढला. मिनिटाला १३८ ठोके, अंतर कुठेच सारखं नाही, आणि अलिंदाच्या आकुंचनाची ‘पी’ लाट कुठेच नाही. बाई तशाही स्थितीत मान वर करून विचारत होत्या, “मिळालं का?”

रक्तदाब ठीक, छातीत दुखणं नाही, ऑक्सिजन व्यवस्थित. सुरुवात कधी झाली हे लेखी माहीत असणं किती मोलाचं असतं ते इथे कळलं. झटका २४ तासांहून जुना असेल किंवा सुरुवातच माहीत नसेल, तर रक्त पातळ न करता लय पूर्ववत करायला जाणं धोक्याचं. थरथरत्या अलिंदात साकळलेली गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते. इथे एकच तास झाला होता. ठोके मंदावणारं मेटोप्रोलॉल तोंडाने दिलं, साताऱ्याच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून त्यांना पुढे पाठवलं. पोचल्यावर तासाभरात लय आपोआप जागेवर आली.

टू-डी इकोमध्ये डावं अलिंद किंचित मोठं, ४२ मिलिमीटर. पंपिंग ६० टक्के, म्हणजे चांगलं. झडपा चांगल्या. आपल्याकडे हा झडपांचा शब्द वाचल्याशिवाय पुढे जायचं नसतं, कारण लहानपणच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आक्रसलेली रुग्ण आपण आजही पाहतो आणि त्यांची औषधं वेगळी असतात.

निर्णय दुसरा : रक्त पातळ करायचं की नाही

ही सगळ्यात लांबलेली चर्चा. वय ६४, रक्तदाब आहे, मधुमेह नाही, पूर्वी पक्षाघात नाही. पक्षाघाताचा धोका अशा गोष्टींना गुण देऊन मोजतात. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात स्त्री असण्याचा वेगळा गुण धरत नाहीत. त्या मोजणीत बाईंचा गुण १, म्हणजे ‘विचार करावा’. डिसेंबरात ६५ पूर्ण झाले की गुण २, म्हणजे ‘द्यावं’. मुलाचं म्हणणं होतं, दोन महिने थांबू, रक्तस्रावाची भीती वाटते. ॲस्पिरिन दिली तर? ॲस्पिरिन या कामाला पुरत नाही, आणि रक्तस्रावाचा धोका तिच्यातही आहेच.

बाईंनी विचारलं, “माझ्या वाढदिवसाला त्या गुठळीला कळणार आहे का?” वाद तिथे संपला. मूत्रपिंडाचं काम आणि हिमोग्लोबिन पाहून अपिक्साबान ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं. त्यासोबत डायक्लोफेनॅक पूर्ण बंद. रक्तस्रावाचा खरा धोका त्या गोळीत होता. गुडघ्यांना पॅरासिटामॉल आणि व्यायाम. झडप आक्रसलेली असती तर निर्णय वेगळा झाला असता : २०२२ च्या इन्विक्टस अभ्यासात अशा साडेचार हजारांहून अधिक रुग्णांत अपिक्साबानच्याच गटातल्या रिव्हारोक्साबानपेक्षा जुन्या, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) मोजत द्याव्या लागणाऱ्या औषधांचाच निकाल चांगला आला होता.

लयीसाठी अमिओडॅरोन, दुसरी लय राखणारी औषधं आणि ॲब्लेशन (नळी घालून हृदयातली लय बिघडवणारी जागा निकामी करणं) हे पर्याय तज्ज्ञांनी समजावले. अमिओडॅरोन थायरॉइड आणि फुप्फुसांवर परिणाम करू शकतं म्हणून ते मागे ठेवलं. आधी मेटोप्रोलॉल आणि कारणांची साफसफाई, झटके चालूच राहिले तर पुण्याला ॲब्लेशन, असं ठरलं. फ्युरोसेमाइड आणि चिंतेची गोळी थांबवली, दुसरी हळूहळू. अम्लोडिपिनऐवजी टेल्मिसार्टन.

काय झालं

तीन आठवड्यांत पोटॅशियम ४.३, घोट्यांची सूज गेली. महिन्याने, लय नीट असलेल्या सकाळी एनटी-प्रोबीएनपी पुन्हा केलं : २१०. पहिल्या तीन महिन्यांत तीन झटके आले, त्यानंतरच्या पाच महिन्यांत एक. ॲब्लेशनचं बाईंनी ‘सध्या नको’ म्हटलं आहे. दार उघडं आहे. पाणी पुन्हा पोटभर पितात. एप्रिलमध्ये एसटीने कराडला जाऊन आल्या.

काय वेगळं करता आलं असतं

ऑगस्टच्या पहिल्या भेटीत मी टेबल वाजवायला सांगितलं असतं तर दोन महिने आणि ते फ्युरोसेमाइड वाचलं असतं. तेवढ्यासाठी तीन मिनिटं पुरली असती. होल्टर मी पुन्हा निवडणार नाही, जोवर झटके जवळजवळ रोज येत नाहीत. मुलाशी पहिल्यापासून मोकळेपणाने बोलायला हवं होतं, म्हणजे तो आकड्यांच्या पॅकेजकडे वळला नसता. त्याची काळजी खरी होती आणि मी तिला उत्तर दिलं नव्हतं. रक्तदाबाची वही तपासताना आता मी मशीनवरच्या चिन्हाबद्दल विचारते. आणि साठीपुढच्या कुणाचाही रक्तदाब पाहताना आधी अर्धा मिनिट नाडीवर बोटं ठेवते.

धडधडीच्या केसपेपरवर एक ओळ वाढवली आहे : ‘झटक्यानंतर लघवी?’ सगळ्यांना होत नाही, त्यामुळे ‘नाही’ म्हटल्याने काही सिद्ध होत नाही. पण फेब्रुवारीत २७ वर्षांचा एक मुलगा आला, दोन नॉर्मल ईसीजी घेऊन, ‘टेन्शन’ असा शेरा असलेला. प्रश्न विचारल्यावर दचकला. म्हणाला, “हो मॅडम, अर्धा तास बाथरूममध्येच असतो.” टेबलावर वाजवलं ते लेझमीसारखं, एकसारखं आणि फार जलद. पुढच्या झटक्याला तो तसाच आला : मिनिटाला १९०, ईसीजीवर लाटा अरुंद, नियमित. १५ सेकंद जोर लावून फुंकायला सांगितलं, मग लगेच आडवं करून पाय वर उचलून धरले. दुसऱ्या प्रयत्नात लय जागेवर आली आणि तो उठून आधी बाथरूमकडे गेला.